मनस्तापाचे किती लिहू

सीबीएससमोर, कोर्टाच्या भिंतीला लागून माझं टेबल.
वर ताडपत्री, एका पायाखाली वीट.
बत्तीस वर्षं दावे टंकतोय
दोनच बोटांनी. बाकीची कधी शिकलीच नाहीत.

प्रमिला गांगुर्डे, वय एकोणचाळीस,
राहणार श्रमिकनगर, सातपूर,
उजवा हात पदराखाली घेऊन स्टुलावर बसली.
वकीलबाईंनी मजकूर दिलाय, म्हणाली,
रकमेची जागा तेवढी कोरी आहे.

बोटांचा दावा आधीच लागलाय, कामगार न्यायालयात.
तिथं तक्ता असतो.
तर्जनी पूर्ण, चौदा टक्के. मधलं, बारा.
पगार, वय, गुणाकार. भांडायला फारसं उरत नाही.
हा दुसरा. दिवाणी.
एकाच हाताच्या दोन फायली.

मी मजकूर उतरवत गेलो:
की प्रेसचं गार्ड सुपरवायझरनेच काढायला लावलं होतं, नग वाढावेत म्हणून;
की दवाखान्यात, ड्रेसिंग सुटलेलं असताना,
वादीस न विचारता कुणी फोटो काढला;
की सुरक्षा सप्ताहात तोच फोटो कंपनीच्या गेटवर लागला, चार बाय सहाचा,
खाली लाल अक्षरांत: निष्काळजीपणा टाळा.

की फोटोत चेहरा नाही,
सबब ओळख पटण्याचा प्रश्नच उद्भवत नाही,
असं प्रतिवादीने नोटिशीच्या उत्तरात कळवलंय.

इथे ती बोलली.
"मनगट बघा."
पदर सरकवला.
हिरवट गोंदण, जत्रेत घाईघाईने टोचलेलं:
पमी. आणि शेजारी एक विंचू, त्याची नांगी जरा वाकडी.
"सातपूरच्या भाजीबाजारात विंचवावरून ओळखतात मला.
पोरगी पाचवीत. वर्गातल्या एकाने मोबाईलवर दाखवलं तिला,
तुझ्याच आईचा ना गं हात, हिने लक्ष नाही दिलं.
घरी येऊन दप्तरसुद्धा काढलं नाही तिने.
विचारलं, तुझं लक्ष कुठं होतं?"

पलीकडे नोटरी कुणावर तरी खेकसत होता.
मेहेरचा सिग्नल सुटला, रिक्षांचा लोंढा आला, गेला.

"मानसिक त्रासापोटी रुपये," मी म्हणालो
आणि थांबलो. "किती लिहू?"

"बाकीच्यांना किती लावता?"

हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं.
बँकेने भलत्याच दारावर जप्तीची नोटीस चिकटवली, पन्नास हजार.
लग्नाच्या आल्बममध्ये नवरी धूसर, पंचवीस.
गंगापूर रोडच्या एका डॉक्टरांची बॅग विमानात हरवली,
त्यांनी पाच लाख घालायला लावले.
बॅग सापडली नंतर.
शब्द मात्र सगळ्यांना एकच, मनस्ताप.
झोपेतही टंकेन मी तो.
त्यातला ताप अजून कुणी थर्मामीटर लावून पाहिलेला नाही.

ती म्हणाली, "आधी हे लिहा,
खालची अक्षरं खोटी होती, असं त्यांनी त्याच गेटवर लावावं.
चार बाय सहा. लालच."

"आहे ते, परिच्छेद अकरात. पण रक्कम घालावीच लागते, ताई.
कोर्ट फी रकमेवर ठरते."

"मग फी परवडेल
तेवढाच लिहा मनस्ताप."

आकडा लिहिला. इथे सांगत नाही, तारीख लागायची आहे.
तिने डाव्या हाताने सही केली,
पहिलीतल्या पोरासारखी, रेघेच्या वर अर्धी, खाली अर्धी.
नोटरीने पॅनवरच्या सहीशी ताडून पाहिलं.
जुळत नाही, म्हणाला, अंगठा द्या.

अंगठा शाबूत होता.
शाई पुसायला मी कागदाचा बोळा दिला,
तो तिने घडी घालून पिशवीत ठेवला, का कोण जाणे.

पुढचा अशील बसला. भाडेकरूचं प्रकरण, नळाची तोटी वगैरे.
"वादी" टंकायला तर्जनी उचलली.
खाली येईना.
"चालू करा की काका," तो म्हणाला,
"मला अडीचची सिन्नर गाडी गाठायचीय."